वाचकांचे प्रश्न : अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या समित्या आणि कॉकस

अमेरिकेच्या संसदेविषयी, म्हणजे तेथील काँग्रेसविषयी, आलेल्या पत्रांत या वेळी एकाच विषयाची पत्रे बरीच होती. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असून त्याने यंदा प्रथमच तेथे मतदान केले. त्याच्या मतदारसंघातील प्रतिनिधींची अधिकृत माहिती आम्ही दोघांनी मिळून वाचली. तीत समित्या दोनच होत्या, परंतु कॉकसची यादी तीसच्या पुढे गेली होती. या दोहोंत फरक कोणता, आणि एवढ्या गटांत एक माणूस काम तरी कसा करतो?

उत्तर : या याद्या एकाखाली एक छापल्या जात असल्या तरी त्यांची जातकुळी निराळी आहे. समितीवरील नेमणूक सभागृहाच्या ठरावाने होते, तिच्या जागा मोजक्या असतात आणि त्या जागेबरोबर साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा, विधेयकाला दुरुस्ती सुचवण्याचा आणि त्यावर मत देण्याचा अधिकार येतो. कॉकस हा समान आस्था, समान ओळख किंवा समान हितसंबंध असलेल्या सदस्यांनी आपणहून स्थापन केलेला गट असतो. त्याच्याकडे विधेयक सोपवले जात नाही, तो कोणाला सक्तीने साक्षीला बोलावू शकत नाही, आणि एका सदस्याने किती कॉकसमध्ये असावे यावर कसलीही मर्यादा नाही. पोलादाचा कॉकस आहे, सायकलींचा आहे, वाईनचा आहे आणि बर्बन व्हिस्कीचाही आहे.

४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात २० स्थायी समित्या आहेत. नियमानुसार एका सदस्याला दोनपेक्षा अधिक स्थायी समित्यांवर आणि चारपेक्षा अधिक उपसमित्यांवर बसता येत नाही. सभागृह यातून सूट देऊ शकते आणि देतेही. सिनेटमध्ये सदस्य १०० आणि स्थायी समित्या १६, त्यामुळे एका सिनेटरच्या वाट्याला तीन-चार समित्या सहज येतात. प्रतिनिधी एखाद्या विषयात मुरतो आणि सिनेटर अनेक विषयांना स्पर्श करतो, असा जो फरक तेथील जाणकार सांगतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या साध्या गणितात आहे.

समितीचे महत्त्व लक्षात येण्यासाठी एवढेच पुरे, की दोन वर्षांच्या एका कार्यकाळात दोन्ही सभागृहांत मिळून दहा हजारांहून अधिक विधेयके मांडली जातात आणि त्यांतील जेमतेम काही शे कायद्यात उतरतात. उरलेल्यांपैकी बहुसंख्य विधेयकांचा शेवट समितीच्या दप्तरातच होतो. त्यांच्याविरुद्ध कोणी मत दिलेले नसते, त्यांच्यावर फक्त बैठक बोलावली जात नाही. प्रतिनिधिगृहातील २१८ सदस्यांनी अर्जावर सह्या केल्यास विधेयक समितीकडून काढून घेता येते, परंतु स्वतःच्या पक्षाच्या समिती-अध्यक्षाविरुद्ध सही करण्याची तयारी फार थोड्यांची असते.

समितीतही सर्वांचे वजन सारखे नसते. सुनावणीच्या दालनात पायऱ्यापायऱ्यांच्या अर्धवर्तुळात सदस्य ज्येष्ठतेनुसार बसतात. अध्यक्ष मधोमध वरच्या रांगेत आणि नवखे सदस्य खालच्या रांगेच्या टोकाला. प्रत्येकाला साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी पाच मिनिटे मिळतात. समिती मोठी असली तर टोकाच्या सदस्याची पाळी येईपर्यंत दोन-तीन तास उलटलेले असतात, ज्येष्ठ मंडळी निघून गेलेली असतात, विचारण्यासारखे सारे विचारून झालेले असते, आणि तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाबद्दल स्पष्टच सांगायचे तर, तीस कॉकसमध्ये कोणीही काम करत नाही. दोन-तीन ठिकाणी प्रतिनिधी मनापासून लक्ष घालतात; बाकीच्या ठिकाणी कार्यालयातील एखादा कर्मचारी पत्रव्यवहार पाहतो आणि अधूनमधून एखाद्या संयुक्त पत्रावर साहेबांची सही घेतो. जाता जाता एक खुलासा करायला हवा. आयोवासारख्या राज्यात निवडणुकीपूर्वी पक्षकार्यकर्त्यांच्या ज्या सभा भरतात त्यांनाही कॉकसच म्हणतात, आणि प्रतिनिधिगृहातील सर्व डेमोक्रॅटिक सदस्यांच्या संसदीय पक्षालाही. आपण पाहिलेल्या यादीशी या दोहोंचा संबंध नाही.

प्रश्न : कोणत्या सदस्याला कोणती समिती द्यायची हे कोण ठरवते? डॉक्टर असेल त्याला आरोग्य, शेतकरी असेल त्याला शेती, असा काही दंडक आहे का?

उत्तर : असा दंडक नाही, पण तसा विचार होतो. निवडणुकीनंतर दोन्ही पक्षांचे नेते प्रथम प्रत्येक समितीत कोणाच्या किती जागा याचे प्रमाण ठरवतात. साधारणपणे सभागृहातील संख्याबळ समितीत उमटते, मात्र दोन ठळक अपवाद आहेत. सदस्यांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या एथिक्स समितीत दोन्ही पक्षांना समान जागा असतात. उलट कोणते विधेयक सभागृहात कोणत्या अटींवर चर्चेला येणार हे ठरवणाऱ्या रूल्स समितीत बहुमतातील पक्ष आपल्याकडे नऊ आणि विरोधकांकडे चार अशी वाटणी ठेवतो, मग सभागृहातील बहुमत कितीही काठावरचे असो.

त्यानंतर प्रत्येक पक्षाची सुकाणू समिती नावे निश्चित करते. नवे सदस्य आपली पसंती कळवतात, ज्येष्ठांच्या गाठीभेटी घेतात, आपल्या राज्यातील सहकाऱ्यांना शब्द टाकायला सांगतात. सुकाणू समितीच्या यादीवर पक्षाची बैठक शिक्कामोर्तब करते आणि शेवटी सभागृहात ठराव होतो. हा शेवटचा टप्पा बहुधा उपचारापुरता असतो. खर्चाच्या मंजुरीची ॲप्रोप्रिएशन्स, करांची वेज अँड मीन्स, ऊर्जा व व्यापार आणि रूल्स या समित्या इतक्या वजनदार मानल्या जातात, की त्यांतील जागा मिळालेल्या सदस्याला सहसा दुसरी समिती दिली जात नाही. अशा समितीवर बसणाऱ्याने पक्षाच्या निवडणूक निधीत अधिक भर घालावी, अशीही अपेक्षा दोन्ही पक्षांत असते. ती सभागृहाच्या कोणत्याही नियमात लिहिलेली नाही आणि ती कोणी फारशी लपवतही नाही.

मतदारसंघाशी काडीचा संबंध नसलेली समिती दिली गेल्याचे गाजलेले उदाहरण शर्ली चिसम यांचे आहे. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून निवडून आलेल्या चिसम या प्रतिनिधिगृहातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला. दाटीवाटीच्या शहरी वस्तीच्या या प्रतिनिधीला १९६९ च्या जानेवारीत शेती समितीवर नेमण्यात आले आणि उपसमितीही मिळाली ती वनांशी आणि ग्रामीण भागाशी संबंधित. नवख्या सदस्याने मिळेल ते मुकाट्याने घ्यावे हा तेव्हाचा शिरस्ता होता आणि सभापती जॉन मॅकॉर्मॅक यांनी त्यांना तोच सल्ला दिला. चिसम यांनी तो मानला नाही. त्यांनी पक्षाच्या बैठकीत उभे राहून हरकत घेतली आणि त्यांची बदली माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या समितीवर झाली. त्यांना हवी होती ती ही समितीसुद्धा नव्हतीच, पण आपल्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी अधिक आहेत, अशी त्यांची त्यावरची टिप्पणी होती. पुढे त्या शिक्षण व कामगार समितीवर आणि १९७७ साली रूल्स समितीवर गेल्या.

सिनेटमध्ये नव्या सदस्यांची अशी कोंडी थोडी आधी सुटली. १९५३ साली लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटमधील नेते झाले तेव्हा त्यांनी असा पायंडा पाडला, की प्रत्येक सिनेटरला एक महत्त्वाची समिती मिळाल्याशिवाय कोणालाही दुसरी द्यायची नाही. या औदार्यामागे हिशेबही होता, कारण नव्या सदस्याला पहिल्याच वर्षी मानाची जागा देणाऱ्या नेत्याला तो सदस्य विसरत नसे.

प्रश्न : समितीतील सर्वांत जुना सदस्यच अध्यक्ष होतो, असे वाचले होते. मग कार्यक्षमतेला काही किंमत आहे की नाही?

उत्तर : आपण वाचले ते एके काळी पूर्णपणे खरे होते. आज ते अर्धेमुर्धे खरे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नेमणुकांची सारी सूत्रे सभापतींच्या हाती असत. जोसेफ कॅनन यांनी हा अधिकार इतक्या निर्दयपणे वापरला, की त्यांच्याच पक्षातील काही सदस्यांनी १९१० साली विरोधकांशी हातमिळवणी करून त्यांना रूल्स समितीतून बाहेर काढले आणि पुढच्या वर्षी समित्या नेमण्याचा अधिकारही सभापतींकडून गेला. मर्जीला पर्याय म्हणून ज्येष्ठता पुढे आली. ती निःपक्षपाती दिसते, कारण वर्षे मोजायला कोणाची मर्जी लागत नाही. प्रत्यक्षात मात्र ज्या भागात एकाच पक्षाचा उमेदवार वर्षानुवर्षे निवडून येतो त्या भागाकडे सारी अध्यक्षपदे वाहत गेली, आणि तो भाग म्हणजे कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणारी दक्षिणेकडील राज्ये होती.

व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ १९५५ ते १९६७ या काळात रूल्स समितीचे अध्यक्ष होते. त्यांना नको असलेले विधेयक अडवण्यासाठी त्यांना भाषणदेखील करावे लागत नसे. ते बैठकच बोलावत नसत. १९५७ साली नागरी हक्क विधेयक समितीपुढे असताना आपल्या शेतावरील कोठार जळाल्याचे सांगून ते वॉशिंग्टनमधून निघून गेले. अखेर १९६१ साली सभापती सॅम रेबर्न यांनी समितीची सदस्यसंख्या १२ वरून १५ करण्याचा ठराव आणला आणि तो २१७ विरुद्ध २१२ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. सिनेटच्या न्याय समितीवर मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड अशाच रीतीने ठाण मांडून होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्यांच्या समितीला वळसा घालून थेट सिनेटपुढे आणावा लागला.

परंतु ज्येष्ठतेची मिरास कशी मोडली हे समजण्यासाठी एका खुर्चीची हकीकत सांगायला हवी. १९७३ साली कॅलिफोर्नियाचे रॉन डेलम्स यांना संरक्षण विषयाच्या आर्म्ड सर्व्हिसेस समितीवर जागा हवी होती. व्हिएतनाम युद्धाला कडाडून विरोध करणारा हा कृष्णवर्णीय प्रतिनिधी समितीचे अध्यक्ष एडवर्ड एबेर यांना नको होता. काँग्रेशनल ब्लॅक कॉकसने, म्हणजे कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने, पक्षनेतृत्वाकडे आग्रह धरला आणि अध्यक्षांच्या विरोधाला न जुमानता नेमणूक झाली. त्याच वेळी कोलोरॅडोच्या पॅट्रिशिया श्रोडर या नवनिर्वाचित महिलेचीही त्याच समितीवर नेमणूक झाली. अध्यक्षांचे म्हणणे असे, की स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांची किंमत नेहमीच्या सदस्याच्या निम्मी आहे, तेव्हा दोघांना मिळून एक खुर्ची पुरे. त्यांनी खरोखरच एकच खुर्ची ठेवली. डेलम्स आणि श्रोडर त्या एका खुर्चीवर शेजारी शेजारी बसले, आणि समितीतील एकाही सहकाऱ्याने उठून दुसरी खुर्ची आणली नाही.

दोन वर्षांनी चित्र पालटले. वॉटरगेट प्रकरणानंतरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे नवे सदस्य मोठ्या संख्येने निवडून आले आणि अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने व्हावी असा नियम त्यांनी खऱ्या अर्थाने वापरला. १९७५ च्या जानेवारीत संरक्षण समितीचे एबेर, शेती समितीचे पोग आणि बँकिंग समितीचे पॅटमन या तिघा बुजुर्गांना पक्षाने अध्यक्षपदावरून खाली उतरवले. डेलम्स समितीवर टिकून राहिले आणि १९९३ साली त्याच समितीचे अध्यक्ष झाले. विशेष म्हणजे तिथवर ते पोहोचले ते ज्येष्ठतेच्याच शिडीने. व्यवस्थेतील दोष दाखवताना हेही नोंदवायला हवे, कारण बहुमताची मर्जी ज्यांच्यावर सहसा बसत नाही अशा सदस्यांना वर्षांची मोजणी हा कधीकधी एकमेव आधार असतो.

१९९५ साली सत्तेवर आलेल्या रिपब्लिकनांनी अध्यक्षपदाला सहा वर्षांची मर्यादा घातली. आजही ज्येष्ठाचे नाव प्रथम घेतले जाते, मात्र पक्षनिष्ठा, निधिसंकलन आणि सुकाणू समितीपुढील मुलाखत यांचे वजन खूप वाढले आहे.

प्रश्न : कॉकसला कसलेच अधिकार नसतील, तर नेते त्यात जातात कशासाठी? हा सगळा मतदारांना दाखवण्याचा देखावा समजायचा का?

उत्तर : बहुतेक कॉकसच्या बाबतीत आपला अंदाज बरोबर आहे आणि काहींच्या बाबतीत तो पार चुकीचा आहे. म्हणून यादी वाचताना कॉकसची संख्या पाहू नये, त्याचा स्वभाव पाहावा.

प्रतिनिधिगृहात कॉकसची नोंदणी सभागृहाच्या प्रशासन समितीकडे करावी लागते. त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते आणि सभागृहाकडून स्वतंत्र जागा मिळत नाही. पूर्वी काही मोजक्या गटांना, सदस्यांच्या कार्यालयीन निधीतून वर्गणी गोळा करून, स्वतःचा कर्मचारीवर्ग आणि कार्यालय बाळगता येत असे. १९५९ साली स्थापन झालेला डेमोक्रॅटिक स्टडी ग्रुप तर विधेयकांवर इतकी नेटकी टिपणे काढी, की ती मिळवण्यासाठी विरोधी पक्षाचे सदस्यही वर्गणी भरत. १९९५ साली नव्या बहुमताने ही सोय बंद केली. यामागे काटकसरीइतकेच विरोधकांची रसद तोडण्याचे गणित होते, असे मानायला पुष्कळ जागा आहे. नंतर नियम काहीसे सैल झाले.

ज्या कॉकसना खरे वजन आहे ते दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार चिकाटीचा. १९७१ साली १३ सदस्यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक कॉकसने त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काँग्रेसपुढील वार्षिक भाषणावर बहिष्कार टाकला आणि मार्चमध्ये त्यांची भेट मिळवली. दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध घालण्याचे विधेयक डेलम्स यांनी १९७२ साली प्रथम मांडले. ते वर्षानुवर्षे बाजूला पडत राहिले. शेवटी १९८६ साली निर्बंधांचा कायदा झाला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशहून अधिक मतांनी तो नकाराधिकार फिरवला. चौदा वर्षे एक विषय जिवंत ठेवणे हे काम समिती करत नाही; तिच्यापुढे रोज नवे विषय येतात.

दुसरा प्रकार संख्येच्या गणिताचा. २०१५ साली स्थापन झालेला फ्रीडम कॉकस निमंत्रितांपुरता मर्यादित आहे आणि आपली सदस्ययादी तो जाहीर करत नाही. रिपब्लिकन पक्षाचे बहुमत काठावरचे असले, की एकगठ्ठा मत देणाऱ्या या तीस-चाळीस सदस्यांवाचून पक्षनेत्यांचे पान हलत नाही. सभापती जॉन बेनर यांनी २०१५ साली पद सोडले त्यामागे याच गटाचा दबाव होता. २०२३ च्या जानेवारीत केविन मॅकार्थी पंधराव्या फेरीत सभापती झाले. त्या वेळी झालेल्या वाटाघाटींनंतर कॉकसचे चिप रॉय आणि राल्फ नॉर्मन, तसेच कॉकसबाहेरचे पण त्यांच्या विचारांच्या जवळचे टॉमस मॅसी, यांना रूल्स समितीवर जागा मिळाल्या. नऊ विरुद्ध चार या वाटणीत हे तिघे फिरले तर पारडे सहा विरुद्ध सात होते. म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय कोणतेही वादग्रस्त विधेयक सभागृहात आणणे अवघड होऊन बसले. ज्या कॉकसला स्वतःचा म्हणून काहीच अधिकार नाही, त्याने सर्वांत अधिकारसंपन्न समितीची किल्ली मिळवली, ती अशी.

भारतीय वाचकांना जवळचा वाटणारा कॉकस म्हणजे १९९३ साली प्रतिनिधिगृहात स्थापन झालेला भारत व भारतीय-अमेरिकी कॉकस. सिनेटमध्ये तसा गट २००४ साली हिलरी क्लिंटन आणि जॉन कॉर्निन यांनी मिळून सुरू केला. या गटांच्या सदस्यसंख्येचे आपल्याकडे फार कौतुक होते. त्यांनी भारताविषयी सद्भावना तयार केली हे खरेच आहे, परंतु नागरी अणुसहकार्याचा पाया घालणारा २००६ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेन्री हाइड प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्रविषयक समितीचे अध्यक्ष होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

प्रश्न : श्री ठाणेदार निवडून आले तेव्हा मराठी माणसांना आनंद झाला. पण त्यांना परराष्ट्र समिती न मिळता अंतर्गत सुरक्षा आणि लघुउद्योग या समित्या मिळाल्याचे वाचले. हा त्यांच्यावर अन्याय झाला का?

उत्तर : अन्याय मुळीच नाही. बेळगाव परिसरातून शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले ठाणेदार नोव्हेंबर २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा कार्यकाळ सुरू झाला. डेट्रॉइट शहराचा मोठा भाग या मतदारसंघात येतो, आणि डेट्रॉइट कॅनडाच्या ऐन सीमेवर आहे. नदीवरील पुलावरून मालमोटारींची अखंड ये-जा सुरू असते. सीमेवरील तपासणी आणि व्यापार हा तेथील मतदारांच्या पोटापाण्याचा प्रश्न असल्याने अंतर्गत सुरक्षा समिती त्यांच्या उपयोगाची आहे. ठाणेदार स्वतः उद्योजक आहेत, त्यामुळे लघुउद्योग समितीही विसंगत म्हणता येत नाही. २०२३ साली त्यांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन समुदायांसाठी कॉकस स्थापन केला, तो त्यांच्या ओळखीशी जोडलेला आहे. समितीतून मतदारसंघ दिसतो आणि कॉकसमधून व्यक्ती, असे त्यांच्या बाबतीत झाले आहे. निदान पहिल्या कार्यकाळापुरते तरी.

भारतीय वंशाचे सारेच प्रतिनिधी भारताशी निगडित समित्यांवर असावेत, ही अपेक्षा मुळात आपली आहे, त्यांच्या मतदारांची नाही. १९५७ साली काँग्रेसमध्ये गेलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य दलीपसिंग सौंद परराष्ट्र समितीवर होते, आणि ॲमी बेरा यांनीही त्या समितीवर दीर्घकाळ काम केले. पण प्रमिला जयपाल यांचा दबदबा प्रोग्रेसिव्ह कॉकसच्या नेतृत्वामुळे निर्माण झाला. वृत्तपत्रांत हमखास दिसणारा ‘समोसा कॉकस’ हे तर राजा कृष्णमूर्ती यांनी भारतीय वंशाच्या सदस्यांना गमतीने दिलेले नाव आहे. त्याला नोंदणीकृत कॉकस समजू नये.

प्रश्न : एकदा मिळालेली समिती काढून घेता येते का?

उत्तर : येते, आणि अलीकडे हे हत्यार अधिक वेळा उपसले जात आहे. पूर्वी हा पक्षाचा घरगुती मामला असे. २०१९ साली आयोवाचे स्टीव्ह किंग यांच्या गौरवर्णीय वर्चस्ववादाविषयीच्या वक्तव्यानंतर त्यांच्याच पक्षाने त्यांना एकही समिती दिली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र पायंडा बदलला, जेव्हा बहुमतातील डेमोक्रॅटांनी रिपब्लिकन पक्षाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांना सभागृहातील मतदानाने दोन्ही समित्यांवरून दूर केले. मते पडली २३० विरुद्ध १९९. नोव्हेंबरमध्ये पॉल गोसार यांच्याबाबत तेच झाले. दोन वर्षांनी बहुमत फिरले आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी इल्हान ओमर यांना २१८ विरुद्ध २११ मतांनी परराष्ट्र समितीवरून काढण्यात आले. प्रत्येक प्रकरणातील कारणे वेगळी होती आणि ती एका तागडीत तोलणे योग्य नाही. तरीही एका पक्षाचे प्रतिनिधी कोण असावेत हे दुसऱ्या पक्षाने ठरवण्याचा पायंडा पडला, आणि तो सहजी मोडेल असे दिसत नाही.

गुप्तवार्ता समितीची गोष्ट वेगळी आहे. ती स्थायी समिती नसून तिच्या नेमणुका सभापतींच्या हाती असतात, त्यामुळे ॲडम शिफ आणि एरिक स्वालवेल यांना तीतून वगळण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये मतदानाची गरजच पडली नाही. त्याच महिन्यात जॉर्ज सांतोस यांनी आपल्या समित्यांवरून स्वतःच माघार घेतली.

प्रश्न : जो कोणत्याच पक्षाचा नाही, त्याला समिती कोण देतो?

उत्तर : तो ज्या पक्षाच्या बैठकीत बसतो, तो पक्ष. बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून निवडून येतात, परंतु सिनेटमध्ये डेमोक्रॅटांबरोबर बसतात, आणि त्यामुळेच ते आधी अर्थसंकल्प समितीचे व नंतर आरोग्य, शिक्षण व कामगार विषयांच्या समितीचे अध्यक्ष होऊ शकले. २००१ साली सिनेट समसमान विभागलेले असताना व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटांबरोबर बसू लागले, तेव्हा सर्व समित्यांची अध्यक्षपदे वर्षाच्या मध्यावर एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आणि पर्यावरण समिती खुद्द जेफर्ड्स यांच्याकडे आली.

याहून चमत्कारिक स्थिती प्रतिनिधिगृहातील सहा मताधिकाररहित सदस्यांची आहे. राजधानी वॉशिंग्टन, पोर्टो रिको, ग्वाम, अमेरिकन समोआ, व्हर्जिन आयलंड्स आणि उत्तर मारियाना बेटे यांच्या या प्रतिनिधींना विधेयकाच्या अंतिम मंजुरीवर मत देता येत नाही, पण समितीत त्यांचे मत इतरांइतकेच मोजले जाते.

प्रश्न : एखाद्या सदस्याने स्वतःविषयी दिलेली यादी खरी की फुगवलेली, हे सामान्य वाचकाने कसे पडताळावे?

उत्तर : समित्यांची यादी फुगवणे शक्यच नाही, कारण प्रतिनिधिगृहाचे क्लार्क म्हणजे सचिव कार्यालय ती अधिकृतपणे प्रसिद्ध करते आणि प्रत्येक समितीच्या संकेतस्थळावर सदस्यांची नावे ज्येष्ठतेच्या क्रमाने असतात. त्या क्रमात आपले प्रतिनिधी कोठे आहेत तेही पाहावे. उपसमित्यांकडे बारकाईने लक्ष द्यावे. ॲप्रोप्रिएशन्स समितीच्या बारा उपसमित्या आहेत आणि त्यांतील एखाद्या उपसमितीचे अध्यक्षपद अनेक लहान समित्यांच्या अध्यक्षपदापेक्षा मोलाचे असते. अल्पमतातील पक्षाच्या प्रतिनिधीपुढे ‘रँकिंग मेंबर’ असे लिहिलेले असेल, तर त्या समितीत तो आपल्या पक्षाचा प्रमुख आहे आणि बहुमत पालटल्यास अध्यक्षपदाचा पहिला दावेदारही. वर्षांचा उल्लेख नसलेली यादी जुनी असू शकते, कारण दर विषम वर्षाच्या जानेवारीत नेमणुका नव्याने होतात.

कॉकसच्या बाबतीत प्रशासन समितीच्या नोंदीत गटाचे नाव, उद्देश आणि पदाधिकारी मिळतात. आपले प्रतिनिधी तेथे सहअध्यक्ष असतील तर ते काम गंभीरपणे घेतात असे समजायला हरकत नाही. नुसते सदस्य असतील, तर त्या कॉकसने गेल्या वर्षभरात काढलेली संयुक्त पत्रे शोधावीत आणि त्यांखाली त्यांची सही आहे का ते पाहावे. सिनेटमधील बहुतेक कॉकस अनौपचारिकच असतात. अमली पदार्थ नियंत्रणाचा कॉकस मात्र १९८५ साली कायद्याने स्थापन झाला असून तो सुनावण्याही घेतो. पहिला प्रश्न विचारणाऱ्यांच्या मुलाच्या राज्याचे सिनेटर त्यात असतील, तर ते नाव कॉकसच्या यादीत असूनही समितीच्या तोलाचे मानावे.